तान्ह्या मुलांचे विरळ आजार व त्यांचे निदान



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी किमान वेतनावर, नाहीतर माथाडी कायद्यावर बोलेन. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. पण या खेपेस मला एका आजाराविषयी बोलू द्यावे, अशी विनंती मी केली आणि चालक थोडे घोटाळले. त्यांचे बरोबरच होते. मी डॉक्टर नव्हे. माझे दहावीनंतरचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झालेले. तेव्हा मी आपणांस औषध सांगणार नाही. तान्ह्या मुलांचा एक विरळ आजार ओळखला कसा जातो, ओळखण्यास उशीर का होतो, आणि त्या उशिरात वैद्यकी न शिकलेल्या आपल्यासारख्यांचा वाटा किती, एवढेच सांगणार आहे. सभेत डॉक्टर मंडळी बसली आहेत. माझे कोठे चुकले तर त्यांनी शेवटी उठून जरूर सांगावे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना होता. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटईच्या कारखान्यातला एक कामगार युनियनच्या कचेरीत आला. तीन महिन्यांत त्याचे एकोणीस खाडे झाले होते आणि मालकाची नोटीस त्याच्या हातात होती. "खाडे का झाले?" असे विचारले तर म्हणाला, "भाऊ, पोरीचा दवाखाना." सोबत बायको होती. तिच्या कडेवर सोळा महिन्यांची मुलगी होती, आणि हातात एक पिशवी. पिशवीत सहा दवाखान्यांचे कागद होते.

मी नोटिशीचे उत्तर लिहायला बसलो, म्हणून कागद तारखेप्रमाणे लावू लागलो. तिसऱ्या महिन्यात मुलीच्या डोक्यात खवडे झाले. पिवळट खपल्या, मग काखेत आणि जांघेत तसलेच पुरळ. त्याला मलम दिलेले. सहाव्या महिन्यापासून कान फुटला. त्याला थेंब दिलेले. कान थांबला, पुन्हा वाहू लागला, पुन्हा थेंब. वैशाखात ती सारखे पाणी मागू लागली. "खानदेशचा उन्हाळा आहे, मूल पाणी पिणारच," असे सर्वांनी सांगितले. अकराव्या महिन्यात डोक्यावर मऊ टेंगूळ आले. कोणी ते गळू समजून फोडले आणि आत निघाले ते फेकून दिले.

प्रत्येक कागद आपापल्यापुरता बरोबर दिसत होता. खवड्याला मलम देतात, कानाला थेंब देतात. पण ते सहा कागद एका टेबलावर एकत्र असे त्या दिवसापर्यंत कोणीच पाहिलेले नव्हते.

मी तिला विचारले, "ताई, आता थंडी पडली आहे, आता तरी पाणी कमी झाले का?" ती म्हणाली, "नाही भाऊ. रात्री चारदा उठते, तांब्याला तोंड लावते. दुपटी भिजून जातात. आणि साखरेचा आजार म्हणावा तर लघवीला मुंगी लागत नाही."

हे तिचे निरीक्षण मी त्या कागदांवर कोठेच पाहिले नाही. तिला ते कोणी विचारलेच नव्हते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. डाळमिलमध्ये एक हमाल खोकतो, तेव्हा मुकादम म्हणतो, तुझी छाती नाजूक. दुसरा खोकतो, त्याला म्हणतो, विडी सोड. तिसऱ्याला म्हणतो, घरी ओल असेल. तिघांनाही ते पटते. पण चाळीस जणांचा खोकला एका वहीत उतरवला की तो चाळीस माणसांचा दोष राहत नाही; तो गिरणीतला भुसा ठरतो. युनियनचे अर्धे काम म्हणजे ही वही. त्या दिवशी मी सवयीने तीच वही त्या मुलीपुरती केली. एका पानावर तारीखवार सारे लिहिले, खाली आईचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिले, आणि ते पान घेऊन त्यांना सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात पाठविले. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पान दोनदा वाचले, मुलीच्या डोक्याचा क्ष-किरण फोटो काढविला, आणि त्या फोटोत कवटीच्या हाडाला, ठोकणीने कागदाला भोक पाडावे तसे, गोल भोक दिसले.

या आजाराचे नाव लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. नाव मोठे आहे, पण त्यातील कल्पना कामगाराला कळण्याजोगी आहे. आपल्या शरीरात सफाई कामगार आणि पहारेकरी यांचे एक दल असते. मेलेल्या पेशी खाऊन टाकणे, आत शिरलेल्या जंतूंना पकडणे, आणि कोण शिरले याची वर्दी देणे हे त्यांचे काम. ऊतींमध्ये राहणाऱ्या या पेशींना हिस्टिओसाइट म्हणतात. त्यांचा उगम हाडांतल्या मज्जेत होतो. या दलातील काही पेशी बेहिशेबी वाढून हाडात, कातडीत, कानामागे, यकृतात किंवा मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीपाशी ठाण मांडून बसल्या, की हा आजार होतो. त्या कातडीत बसल्या तर खवडे, कानाच्या हाडात बसल्या तर वाहता कान, कवटीत बसल्या तर टेंगूळ, आणि पीयूष ग्रंथीपाशी बसल्या तर मूत्रपिंडाला पाणी राखण्याचा हुकूम जात नाही, म्हणून तहान. आजार एक, पण तो चार दारांतून डोकावतो.

यात त्या सहा दवाखान्यांना फार दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण साऱ्या जगाच्या वैद्यकाने हीच चूक साठ वर्षे केली. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने कातडी रंगवून त्यातील फांद्या फुटलेल्या पेशी प्रथम पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या पेशी वाटल्या. हाच तो लँगरहान्स, ज्याच्या नावाची स्वादुपिंडातील बेटे मधुमेहाच्या प्रकरणात आपण ऐकतो. पुढे १८९३ साली फिलाडेल्फियाच्या अल्फ्रेड हँड यांनी तीन वर्षांचे एक मूल पाहिले. अतोनात तहान आणि अतोनात लघवी. त्यांना तो क्षय वाटला. १९१५ साली व्हिएन्नाच्या शुलर यांनी क्ष-किरणांत कवटीची भोके पाहिली. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेतल्या ख्रिश्चन यांनी तहान, बाहेर आलेले डोळे आणि हाडांची भोके यांची सांगड घातली. १९२४ साली लेटरर यांनी आणि १९३३ साली सिवे यांनी तान्ह्या मुलांचा एक झपाट्याचा, जीवघेणा प्रकार वर्णिला. एवढी वेगवेगळी नावे, एवढे वेगवेगळे रोग!

अखेर १९५३ साली लिक्टेनस्टाईन यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा शेजारी-शेजारी ठेवून सांगितले की हे सारे एकाच झाडाच्या फांद्या आहेत. मूळ कारण कळलेले नव्हते म्हणून त्यांनी नाव दिले हिस्टिओसायटोसिस-एक्स. एक्स म्हणजे आपल्या बीजगणितातला क्ष. तो क्ष सुटायला आणखी सत्तावन्न वर्षे लागली. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी ६१ रुग्णांचे नमुने तपासले, तेव्हा ३५ नमुन्यांत बीआरएएफ या जनुकात एकच ठरावीक बदल आढळला. म्हणजे हा आजार आईच्या दुधाचा दोष नव्हे, कोणाची दृष्ट नव्हे, कोणा पूर्वजाचे पाप नव्हे, आणि एकाचा दुसऱ्याला लागणाराही नव्हे. त्या मुलीच्या आईला शेजारणींनी काय काय ऐकविले होते हे मला ठाऊक आहे, म्हणून हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो.

आता आपण म्हणाल, असा आजार लाखांत एखाद्याला होतो, त्याचे एवढे काय? हिशेब करून पाहू. युरोपातील पाहण्यांत पंधरा वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे चार ते पाच मुलांत हा आजार आढळतो. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळे जिल्ह्याची २० लाखांवर होती. त्यांत मुलांचा वाटा चौथाई धरला तरी पंधरा लाख मुले झाली. तोच दर लावला तर या दोन जिल्ह्यांत दरसाल सहा-सात मुले, आणि दहा वर्षांत साठ-सत्तर. हा माझा वहीतला अंदाजी हिशेब आहे. पण सभेतील मंडळींना मी विचारतो, या आजाराचे नाव आपण आजवर किती वेळा ऐकले? मग ती मुले गेली कोठे? त्यांतली काही खवड्यांच्या, काही फुटक्या कानाच्या आणि काही क्षयाच्या नावाखाली आपल्यातच आहेत, किंवा होती.

आपल्या मुलखात तर या आजाराला लपायला जागा फार. तहान उन्हाळ्यात लपते. वाढलेली पानथरी हिवतापात लपते. शिवाय शिरपूरपासून चोपडा, यावल, रावेरपर्यंतच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात सिकल सेलही आहे, तिच्यातही मुलांची पानथरी वाढते. मानेच्या गाठी क्षयात लपतात. हे नेहमीचे आजार आधी पाहावेत हे योग्यच आहे. पण नेहमीच्या औषधाने नेहमीचा आजार नेहमीच्या मुदतीत हटला नाही, तर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला पाहिजे.

या दलाचा दुसरा एक आजार आहे, तो याहून तातडीचा. त्याला डॉक्टर लोक एचएलएच म्हणतात. जंतू शिरला की शरीर फौज उभी करते, आणि काम झाले की मारेकरी पेशी लढाई संपवून फौज मागे घेतात. काही मुलांत ही लढाई संपविण्याची यंत्रणाच जन्मतः सदोष असते. सुट्टीचा भोंगा वाजतच नाही. मग ते सफाई कामगार भडकून आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात. १९५२ साली फार्कर आणि क्लेअरो यांनी स्कॉटलंडमधील एकाच घरच्या दोन भावंडांत हा प्रकार वर्णिला, आणि १९९९ साली त्याला कारण होणारे परफोरिनचे जनुक सापडले. हा दोष आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडते. म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहे, हे मी वेगळे सांगायला नको. जन्मतः दोष नसला तरी डेंग्यू, स्क्रब टायफस, क्षय यांसारख्या आजारांच्या पाठीवर बसूनही हा येऊ शकतो.

याच्या ओळखीसाठी जगभर आठ खुणा ठरविल्या आहेत, त्यांतल्या पाच लागतात. न हटणारा ताप, वाढलेली पानथरी, रक्तातल्या तीन जातींच्या पेशींपैकी दोन जाती घटलेल्या, रक्तातील चरबी वाढलेली किंवा रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन उतरलेले, फेरिटिन ५०० च्या वर, मज्जेत रक्तपेशी गिळणाऱ्या पेशी, आणि मोठ्या प्रयोगशाळेतल्या आणखी दोन चाचण्या. यांतल्या पहिल्या तीन पाहा. तापमापक, पोटावर ठेवलेला हात आणि साधी रक्ततपासणी! संशयाची सुरुवात तालुक्याच्या गावीही होऊ शकते.

धुळ्याच्या एका यंत्रमाग कामगाराचे अडीच महिन्यांचे मूल तापाने नवव्या दिवशी गेले. पोट फुगले होते, रक्त उतरत चालले होते, जंतुसंसर्ग म्हणून औषधे चालू होती. दहावा-बारावा आटोपून बाप कचेरीत आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, "पहिलंही असंच दोन महिन्यांचं गेलं." मी विचारले, "हे डॉक्टरांना सांगितलंस का?" तो म्हणाला, "त्यांनी विचारलं नाही. आणि गेलेल्या लेकराचं नाव आजारी लेकराच्या उशाशी कोण काढतो?" त्या मुलाचा आजार हाच होता असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या एका वाक्याने डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेने गेला असता, हे मला नंतर वाचताना कळले, आणि ते वाक्य आजही माझ्या डोक्यातून जात नाही. उपचारांची घडी बसण्यापूर्वी हा जन्मजात आजार झालेली बहुतेक सारी मुले जात. १९९४ साली ठरलेल्या उपचारपद्धतीने पाच वर्षांनंतर निम्म्याहून अधिक, शंभरांतली चोपन्न मुले जगलेली आढळली. मात्र त्यासाठी वेळेत संशय यावा लागतो.

आता निदानाच्या शेवटच्या पायरीकडे येतो. लँगरहान्सच्या आजाराचे शिक्कामोर्तब तुकड्यावर होते. कातडीचा किंवा हाडातला लहानसा तुकडा काढून फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, तो मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, पातळ काप काढून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. सीडी-१-ए आणि लँगरिन या दोन खुणा रंगल्या की संशय फिटला. आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे की सुई लावली, तुकडा काढला की आजार पसरतो. बंधुभगिनींनो, ही समजूत मुलांचे महिने खाते. त्या मुलीचे टेंगूळ फोडले तेव्हा आतला भाग फेकला नसता, बाटलीत ठेवला असता, तर पाच महिने वाचले असते. तेव्हा शरीरातून काढलेले काहीही फेकू देऊ नका, "हे तपासायला पाठविणार ना?" असे अदबीने विचारा. मेणाचा ठोकळा बोटाच्या पेराएवढा असतो. गावात तो खास रंग होत नसेल तर ठोकळा मुंबईस जाऊ शकतो, प्रत्येक वेळी मूल जावे लागत नाही. आणखी एक. निदान होण्यापूर्वी कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची गोळी मुलाला देऊ नका. तिने चार दिवस बरे वाटते, आणि रक्ताच्या कर्करोगासारखा वेगळाच आजार असला तर त्याच्या खुणा पुसल्या जातात.

त्या मुलीचा ठोकळा मुंबईस गेला, आणि मग मुलगीही गेली. जळगावाहून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर, रात्रीच्या गाडीने. परळला मुलांचे वाडिया रुग्णालय १९२९ सालापासून आणि टाटा रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. दोन्ही गिरणगावाच्या कुशीतली. भोंगे केव्हाच बंद पडले, पण देशभरच्या गरिबांची रीघ तेथे आजही थांबलेली नाही. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा ज्यांनी उभ्या केल्या ते डॉक्टर वसंत रामजी खानोलकर आपले मराठी गृहस्थ. कुष्ठरोगावर त्यांनी मोठे काम केले, आणि कुष्ठरोगाचे जंतू ज्यांच्यात घर करतात त्या पेशीही याच हिस्टिओसाइटच्या कुळातल्या. तुकडा नीट ठेवावा, नीट पाहावा ही शिस्त अशा माणसांनी या देशात रुजविली.

उपचार म्हणजे व्हिनब्लास्टिनची इंजेक्शने आणि प्रेडनिसोलोन, साधारण एक वर्ष. आजार एका हाडापुरता असेल तर जवळजवळ सारी मुले वाचतात. यकृत, पानथरी किंवा मज्जा यांत शिरला असेल तर धोका मोठा. तरीही अलीकडच्या आंतरराष्ट्रीय उपचारचाचणीत अशांतलीही पाच वर्षांनंतर शंभरांत चौऱ्यांशी मुले हयात होती. आपली मुलगी वाचली. आज ती तिसरीत आहे. पण तहानेचा दोष गेला नाही. पीयूष ग्रंथीचे ते नुकसान एकदा झाले की बहुधा भरून येत नाही. तिला रोज डेस्मोप्रेसिन घ्यावे लागते, आणि कदाचित जन्मभर घ्यावे लागेल.

मग आपण काय करावे? चार गोष्टी सांगतो. पहिली, मुलाची एकच वही ठेवा. दवाखाना बदलला तरी वही बदलू नका, आणि सारे कागद तारखेप्रमाणे लावा. दुसरी, डॉक्टरांनी विचारले नाही तरी तीन गोष्टी आपण होऊन सांगा: रात्री मूल किती पाणी पिते, हा त्रास कितव्यांदा होतो आहे, आणि घरात आधी एखादे मूल गेले आहे काय. तिसरी, हाताशी असलेल्या सोयी वापरा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. धुळ्यास भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र योजनेतल्या रुग्णालयात बसतो, त्याला गाठा. राज्य विम्याचे कामगार असाल तर तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

चौथी गोष्ट मालकांसाठी आणि आम्हां युनियनवाल्यांसाठी. सहा दवाखाने, एकोणीस खाडे, आणि प्रत्येक खाड्याला बुडालेला रोज. गरीब माणूस तिसऱ्या फेरीला कंटाळतो तो निष्काळजीपणाने नव्हे, तिसऱ्या फेरीचे पैसे नसतात म्हणून. आणि विरळ आजार तर चौथ्या-पाचव्या फेरीलाच ओळखला जातो. म्हणून आजारी मुलाच्या दवाखान्याची रजा भरपगारी मिळावी, ही मागणी आम्ही आमच्या मागणीपत्रात घातली आहे. पहिल्या बैठकीत मालक हसले. दुसऱ्या बैठकीत मी तो कवटीचा फोटो टेबलावर ठेवला. तेव्हा कोणी हसले नाही. मागणी अजून मान्य झालेली नाही, पण टेबलावरून उठलेलीही नाही.

त्या मुलीचे निदान मी केले नाही. डॉक्टरीणबाईंनी केले, मुंबईच्या सूक्ष्मदर्शकाने त्यावर शिक्का मारला. पण मुंगी लागत नाही हे ज्या बाईने पाहिले होते, तिने निम्मे काम आधीच केले होते. तिचे म्हणणे आठ महिने कोणाच्या कानी गेले नाही, एवढेच. उद्या आपल्या ओट्यावर, आपल्या दुकानात, आपल्या दवाखान्यात एखादी बाई असेच काही सांगू लागली, तर तिला मध्येच तोडू नका. सारे ऐकून घ्या, आणि लिहून घ्या.